‘तिकडे स्वस्त पडतं’
(अंबरनाथ येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



उल्हासनगरहून जीन्स घरी आणून धागे कापणाऱ्या बऱ्याचजणी आज इथे आहेत. नगामागे थोडे पैसे वाढवून मागितले की शेठ काय म्हणतो ते तुम्हाला पाठ आहे : ‘परवडत नसेल तर राहू दे, बदलापूरला याहून स्वस्त होतं.’ या वाक्याला शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये एका मुंबईकराने उत्तर दिलं होतं.

त्यांचं नाव शापूरजी सकलातवाला. जन्म 1874 चा, मुंबईचा. आई जमशेदजी टाटांची बहीण, म्हणजे मामाच गिरणीमालक! 1905 मध्ये ते इंग्लंडला गेले. पहिलं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती, तेव्हा 1922 मध्ये लंडनच्या उत्तर बॅटरसी या कामगारवस्तीने त्यांना निवडून दिलं. 1923 ला पडले, 1924 ला पुन्हा आले, कम्युनिस्ट म्हणून. सभागृहात त्या पक्षाचे ते एकटेच.

युद्धानंतर तिकडे बेकारी माजली होती. स्कॉटलंडमधलं डंडी हे तागाचं गाव, आणि तिथल्या गिरण्यांत बहुसंख्य बायका. हिंदी मजूर स्वस्त, म्हणून आमचं काम जातं, अशी ओरड. सकलातवालांचं म्हणणं असं : कलकत्त्याच्या गिरण्यांत पैसा कुणाचा ते आधी पाहा. बंगालचा मजूर तुमचा वैरी नाही. त्याची युनियन झाली, मजुरी वाढली, तरच तुमची टिकेल.

मतदानात ते हरत राहिले, हे खरं. 1926 च्या मे दिनाच्या भाषणाबद्दल दोन महिने तुरुंगात गेले. 1927 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले, त्यानंतर सरकारने त्यांना इथे पुन्हा येऊ दिलं नाही. 1928 मध्ये ब्रिटिश बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क मिळाला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच, 1929 च्या निवडणुकीत हे गृहस्थ पडले. मला याची जरा गंमतच वाटते.

त्याच सुमारास मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बाळंतिणींचं बिल आलं होतं. 1928 मध्ये त्यावर डॉ. आंबेडकर बोलले : आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, पण मालकही त्यातून सुटत नाही. 1929 मध्ये कायदा झाला, तोही मुंबई प्रांतापुरता. घरी बसून धागे कापणाऱ्या बाईला अशी रजा आजही मिळत नाही. ती कोणाची कामगार, हेच मुळी कुठे लिहिलेलं नसतं.

आता माझा प्रश्न. बदलापूरला खरोखर काय दर मिळतो, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलंय? तिथे कोणाची बहीण असेल, नणंद असेल. त्यांनाही शेठ ‘अंबरनाथला स्वस्त होतं’ असंच सांगत असणार. पुढच्या बैठकीला दर विचारून, कागदावर लिहून आणा. आणि जमलं तर त्या नणंदेलाच सोबत घेऊन या.