वळण्याचा वेग आणि धावते लक्ष्य



आजचा विषय खेळातून निघाला आहे. १९८९ साली 'मेकवॉरियर' नावाचा संगणकावरचा खेळ आला. त्यात खेळणारा एका अवाढव्य पोलादी यंत्रात बसून शत्रूच्या यंत्रावर नेम धरतो. असे खेळ पुढे पुष्कळ निघाले. ते खेळणाऱ्या मुलांना एक कोडे पडते. दूरचा शत्रू टिपता येतो, मग जवळ आलेला का निसटतो?

उत्तर साध्या गणितात आहे. लक्ष्य समोरून आडवे जात असेल, तर त्याच्या वेगाला अंतराने भागावे आणि ५७ने गुणावे. सेकंदाला किती अंश वळावे लागेल ते कळते. समजा, शत्रू सेकंदाला २० मीटर धावतो आणि आपले यंत्र सेकंदाला २० अंश वळते. शत्रू १०० मीटरवर असता साडेअकरा अंशांत काम भागते. तोच ३० मीटरवर आला की ३८ अंश लागतात आणि नेम मागे पडतो. म्हणून हलके यंत्र जड यंत्राला खेटून घिरट्या घालते, आणि जाणता खेळाडू मागे सरून अंतर वाढवतो.

आता आपल्या कोपर स्टेशनावर चला. वर दिवा–वसई मार्ग, खाली कल्याणचा मुख्य मार्ग. ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने, न थांबणारी गाडी आपल्यापासून ५ मीटरवरून गेली, तर तिच्या डब्यामागे नजरेला सेकंदाला सव्वादोनशे अंश वळावे लागेल. ते डोळ्याला जमत नाही. डब्यावरची अक्षरे पुसट होतात.

ही गाडी निदान भीती तरी घालते. खरा धोका समोरून येणाऱ्या गाडीचा. तिच्याकडे पाहताना नजर वळवावीच लागत नाही. गाडी जागच्या जागी फक्त मोठी होते. तीन मीटर रुंदीची गाडी ४०० मीटरवर अर्ध्या अंशाहूनही कमी, जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढी दिसते. दहा सेकंदांनी, २०० मीटरवर, ती त्याच्या दुप्पट होते. तरीही एक अंश भरत नाही. उरतात दहा सेकंद, आणि तिचे झपाट्याने वाढणे दिसते ते शेवटच्या दोन-तीन सेकंदांत. त्यात मोठी वस्तू आहे त्याहून संथ भासते, असे लायबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली रेल्वे फाटकांवरील अपघातांच्या संदर्भात मांडले.

डोळा कोठे चुकतो, याचा विचार इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकातच 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात केला होता. तो विचार आपण रुळांजवळ विसरतो. रूळ ओलांडणारा प्रत्येक जण बेफिकीर नसतो. तो दोन्हीकडे पाहतो, 'गाडी लांब आहे' म्हणतो आणि पाऊल टाकतो. त्याच्या डोळ्याने त्याला गाडीचा वेग सांगितलेलाच नसतो.

विद्यार्थी मित्रांनो, खेळात यंत्र मोडले तर डाव पुन्हा मांडता येतो. येथे तसे नाही. घरी जाऊन हा हिशेब स्वतः करून पाहा, धाकट्या भावंडांना समजावून सांगा, आणि कितीही घाई असली तरी पुलावरूनच जा. पुलाच्या पायऱ्यांना दोन मिनिटे जास्त लागतील. घरी वाट पाहणाऱ्या आईच्या दृष्टीने ती काहीच नाहीत.