जामखेडची आरोग्यवाट

आजार अंगात शिरतो, पण त्याची मुळं अनेकदा घराबाहेर असतात. दूषित पाणी, अर्धपोटी मुलं, जातीची शिवाशिव, मुलीचं कमी वयात लग्न. या मुळांवर औषधाची गोळी चालत नाही.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधल्या, दुष्काळी जामखेडला आलं. गावकऱ्यांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हतीच. त्यांना हवं होतं अन्न आणि पाणी. मग काम तिथूनच सुरू झालं. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवं, तर सगळ्यांनी तिथेच यायचं! शुद्ध पाणी मिळालं आणि शिवाशिवीलाही धक्का बसला.

गावानं आपल्यातूनच आरोग्य सेविका निवडल्या. त्यातल्या अनेकींनी शाळा पाहिली नव्हती, अनेकजणी दलित होत्या. त्या सुरक्षित बाळंतपण करू लागल्या, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी पाजायला आयांना शिकवू लागल्या. गावात त्यांच्या शब्दाला वजन आलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गावाच्या आरोग्यात गावाचाच सहभाग असावा, यासाठी तुमच्या गावातही ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिची बैठक कधी होते, निधी कशावर खर्च होतो, हे येत्या ग्रामसभेत जरूर विचारा.