बालकांची शुश्रूषा आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मुलांच्या आजारपणाविषयी दोन शब्द सांगावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून कर्जत व खालापूर तालुक्यांतील शाळांत मुलांकडून बाराखडी गिरवून घेण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु शिक्षकाला रोज हजेरी घ्यावी लागते, आणि हजेरीपटावरील गैरहजेरीची खूण म्हणजे पुष्कळदा कोणत्या तरी घरातील आजारपणाची नोंदच असते. त्या खुणांचा माग काढीत आम्ही घरोघर गेलो. पुढे जे सांगणार आहोत ते आमच्या पदरचे नाही. आरोग्य खात्याच्या पुस्तिका, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका आणि आशाताई यांच्यापासून ते आम्ही शिकलो आहोत.

आपला मुलूख घाटाच्या पायथ्याचा. उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्यांच्या काठी आपली वस्ती. पावसाळा धो धो कोसळतो, विहिरी गढूळ होतात आणि पाठोपाठ हगवण, ताप, खोकला घरात शिरतात. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे व चौक येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. १०८ क्रमांक फिरविला की रुग्णवाहिकाही येते. परंतु डोंगरावरील वाडीतून सडकेपर्यंत मूल उचलूनच आणावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीस गेलेल्यांना डोंगर पायीच चढावा लागला, हे आपण सर्वांनी पाहिले. म्हणून डॉक्टरांचे दर्शन होईपर्यंत मुलाची खरी परिचारिका म्हणजे त्याची आई, आजी, किंवा घरातील थोरली बहीण. तिला काय ठाऊक आहे, यावर पुष्कळ वेळा त्या जीवाचे बरेवाईट अवलंबून असते.

प्रथम हगवणीचा विचार करू. ‘पोट बिघडले आहे, पाणी देऊ नका’ असे आपल्या घरांतून अजून ऐकू येते. याहून घातक उपदेश दुसरा नसेल. हगवणीत मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाची सलाईन संपत आली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज मिसळलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या आप्तांकरवीच ते पाजविले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. ज्यांनी पाजले ते कोणी शिकलेले वैद्य नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

आज ही पुडी ओआरएस या नावाने आशाताईंकडे मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्यात सबंध एकदम मिसळावी. निम्मी आज, निम्मी उद्या, असे करू नये. पुडी न मिळाल्यास उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होता कामा नये. हे पाणी वाटीचमच्याने घोट घोट पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून टाकावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मोठ्या मुलाला पेज, मऊ भात, वरण द्यावे. सोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यावयाच्या असतात. हगवण थांबली म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. मात्र डोळे खोल गेले, मूल पेंगू लागले, पिईनासे झाले, किंवा शौचातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

दुसरा शत्रू न्यूमोनिया. त्याची ओळख पटविण्यास सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरेसे आहे. मूल शांत असता त्याच्या छातीकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर तो साधा खोकला समजू नये. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर मुळीच थांबू नये. पोटावर डाग देणे, बिब्बा घालणे या रूढींनी न्यूमोनिया तर जात नाहीच, उलट जखमेची भर पडते. आमच्या वर्गांतून असे व्रण असलेली मुले बसलेली आम्ही पाहिली आहेत.

तापात मुलाला गोधड्यांत गुंडाळू नये. कपडे हलके असावेत, पाणी वारंवार द्यावे. तापाचे औषध वजनाप्रमाणे, विचारूनच द्यावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, अथवा त्याचे अंग थंड पडले, तर घरगुती उपाय नकोतच. तापात झटके आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा वहाण हुंगवू नये, पाणी पाजू नये. घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर रुग्णवाहिका बोलवावी. झटका थांबला, तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरच्या शुश्रूषेने एवढे काय साधणार, अशी शंका कोणी घेईल. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे त्या गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. शहाणी केलेली बाई किती मोठे कार्य करते, याचा याहून दुसरा पुरावा नको.

आता आमच्या मनावर जे ओझे आहे, त्याविषयी बोलतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तरी ओ देत नसे. सांगितलेले करीत नसे. आम्ही त्यास उद्धट ठरविले, ठोंब्या म्हटले, छडीही मारली. लवकरच त्याने शाळा सोडली. काही वर्षांनी गावात कानांच्या तपासणीचे शिबिर झाले, तेव्हा कळले की त्याला दोन्ही कानांनी फारच थोडे ऐकू येते. लहानपणी त्याचे कान सतत वाहत असत आणि घरचे कानांत तेल सोडीत असत. ज्याला ऐकू येत नव्हते त्याला, ऐकत नाही म्हणून, आम्ही मारले होते. परवा तो कर्जत स्थानकावर भेटला. वाकून नमस्कार केला. आम्हांस मान वर करवली नाही.

वाहणारा कान स्वच्छ फडक्याच्या वातीने कोरडा करावा, आत तेल घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. एवढी साधी गोष्ट तेव्हा कोणाला ठाऊक असती, तर एक मूल शिकले असते.

म्हणून मातापित्यांनी मुलाच्या वाढीची हजेरी घ्यावी. तीन महिने झाले तरी बाळ आईकडे पाहून हसत नाही, पाच महिने झाले तरी मान धरीत नाही, नऊ महिने झाले तरी बसत नाही, दीड वर्ष झाले तरी चालत नाही, दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. आवाजाकडे वळत नाही, नजरेला नजर देत नाही. यांपैकी काहीही आढळले, तर ‘मामाही उशिरा बोलला होता’ म्हणून स्वस्थ बसू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत येऊन तपासणी करतात. त्यांच्यापासून मूल लपवू नये. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग संस्था श्रवणदोषांसाठी आहे. परळचे वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांची सेवा करीत आहे. कर्जत-खोपोलीची लोकल आपल्याला दादरपर्यंत नेतेच.

मेंदूला इजा झालेल्या मुलाची शुश्रूषा धीराचे काम आहे. त्याला निजवून भरवू नये; टेकून बसवावे, मान किंचित पुढे ठेवावी, लहान घास द्यावा. शिकविलेला व्यायाम रोज करून घ्यावा. झटक्यांचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. आणि त्याच्याशी बोलत राहावे. जन्मतः न रडणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही अशा इजेची काही कारणे होत. आईने ग्रहणात भाजी चिरली, हे कारण नव्हे. तिला दोष देणे हा अन्याय आहे.

बंधुभगिनींनो, शेवटचा मुद्दा कटू आहे. आपले मंडळ वधू-वर मेळावा भरविते, गुणवंतांचा सत्कार करते, कुटुंबांची सूची छापते. त्या सूचीत अशी मुले कितीशी आढळतात? थोरल्या मुलीचे लग्न अडेल, या भयाने धाकट्याला मागल्या खोलीत ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पाहुणे आले की दार लोटले जाते. दार लोटणाऱ्यांचे भय आम्ही जाणतो. कारण ते भय आपणच, स्थळे पाहताना चौकशा करकरून, निर्माण केले आहे.

आमची विनंती दोनच गोष्टींची. पुढील सूचीत प्रत्येक मुलाचे नाव असावे, आणि मंडळाच्या निधीतून अशा मुलांच्या तपासणीचा प्रवासखर्च दिला जावा. सत्कार अवश्य करा. पण ज्याने पाचव्या वर्षी पहिले पाऊल टाकले, त्याच्या आईलाही एकदा व्यासपीठावर बोलवा.