आधी का उसवलं ते बघ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "काय गं, दिवसभर त्या बोटीवर करता तरी काय?" फोटोत तुम्हाला निळं पाणी, माड आणि सूर्यास्त दिसतो. खरं उत्तर असं, की दिवसभर आम्ही बोट दुरुस्त करतो. खारं पाणी, ऊन आणि सततची हालचाल यांच्यापुढे काहीच टिकत नाही. शिडाचं कापड शाबूत असतं, पण उन्हाने शिवणीचा दोरा आधी कुजतो. पंपातलं रबर फाटतं. वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढतो. 38 फुटी शिडाच्या बोटीत मी आणि नवरा, दोघंच. खलाशी आम्ही, स्वयंपाकी आम्ही आणि मेकॅनिकही आम्हीच.

आमच्या वेळी शाळेत मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवणकाम असायचं. समोर बसलेल्या आमच्या शिवणाच्या बाईंना कदाचित आठवणार नाही, पण माझं एक झबलं त्यांनी तीनदा उसवायला लावलं होतं. "टाका घालायची घाई करू नकोस. आधी का उसवलं ते बघ," असं त्या म्हणायच्या. बाई, आज सगळ्यांसमोर कबूल करते, ते वाक्य मला फार उशिरा कळलं. कळलं ते फिजीमध्ये.

फिजी म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधली तीनशेहून जास्त बेटं. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचा हंगाम असतो. उरलेल्या महिन्यांत जगभरच्या शिडाच्या बोटी तिथे येतात. आम्ही वनुआ लेवू या बेटावर सावूसावू बंदरात कागदपत्रं पूर्ण केली आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाकडे निघालो. किनाऱ्याबाहेर प्रवाळाची भिंत असते आणि तिच्यातल्या खिंडीतून आत शिरायचं असतं. सूर्य डोक्यावर असेल तरच पाण्याखालचे खडक दिसतात, म्हणून दुपारची वेळ साधली. खिंडीच्या तोंडाशीच इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. इंजिन बंद केलं, शिडावर कसेबसे आत आलो आणि गावासमोर नांगर टाकला.

अल्टरनेटर धरून ठेवणारा लोखंडी ब्रॅकेट तुटला होता. आमच्या इंजिनात एकच पट्टा अल्टरनेटरही फिरवतो आणि थंड पाण्याचा पंपही. पट्टा सुटला, पंप थांबला, इंजिन तापलं. म्हणजे आता इंजिन नाही.

फिजीत एखाद्या गावासमोर नांगर टाकला, की आधी किनाऱ्यावर जाऊन 'सेवुसेवु' करायचं असतं. यांगोना नावाच्या झाडाच्या मुळ्यांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवायची आणि तिथे राहायची परवानगी मागायची. आम्हाला हे माहीत होतं. बाजारातून आणलेली जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून तयार होती. पण आम्ही म्हटलं, आधी इंजिन, मग गाव. दोन दिवस पट्ट्या आणि नटबोल्ट लावून बघितले. ब्रॅकेट पुन्हा तुटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ होडी वल्हवत आले. शांतपणे विचारलं, "आजारी आहात का?" मी म्हटलं, नाही, इंजिन बिघडलंय. ते म्हणाले, "मग दोन दिवस आमच्या अंगणात बसून आहात, दार का नाही वाजवलंत?"

मला मान वर करवेना. ते पाणी आणि ते खडक त्या गावाच्या वहिवाटीचे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या ते तिथे मासे धरतात. आम्हाला मात्र ते फक्त नांगर टाकायची जागा वाटत होतं.

तासाभरात आम्ही गेलो. खांदे झाकलेले, डोक्यावर टोपी नाही, कमरेला लुंगीसारखा सुलू. चटईवर बसलो, जुडी पुढे ठेवली. एक वडीलधारे हलक्या आवाजात आमच्या वतीने बोलू लागले आणि बाकीचे मधूनमधून एका सुरात टाळ्यांनी दाद देत होते. शब्द एकही कळला नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. आपल्या देवळात गाऱ्हाणं घालतात, बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात, अगदी तसंच! मग लाकडी तानोआतून करवंटीने यांगोना प्यायलो. जीभ बधिर झाली. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "आता तुम्ही आमची जबाबदारी."

दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या माझ्यासोबत बसने निघाला. सावूसावूहून डोंगर ओलांडून लम्बासाला. हा उसाचा प्रदेश. 1879 ते 1916 या काळात 60,000 हून जास्त भारतीय मजूर 'गिरमिट'वर, म्हणजे करारावर, फिजीत आणले गेले. त्यांचे वंशज इथे मोठ्या संख्येने आहेत. आमचा वेल्डरही त्यातलाच. पणजोबा बस्ती जिल्ह्यातले, आणि हा उसाचे ट्रक दुरुस्त करतो. त्याच्या हिंदीला भोजपुरी-अवधीचा वास होता. त्याने ब्रॅकेटवरचे जुने जोड पाहिले आणि आधी पट्टा मागितला. पट्टा एकाच कडेने झिजलेला होता. "मी जोडून देतो, पण हा परत तुटेल," तो म्हणाला. "पुल्या एका रेषेत नाहीत. ओढ तिरकी पडते. तुम्ही तुटलेलं जोडत बसलात, का तुटलं ते पाहिलंच नाही."

बाई, त्या क्षणी मला आपला शिवणाचा वर्ग दिसला.

रात्री आम्ही पुतण्याच्या आत्याकडे राहिलो. त्याच रात्री तिकडे वारा फिरला. नांगर धरेना आणि बोट खडकांकडे सरकू लागली. नवरा एकटा, इंजिन नाही. त्याने हाकही मारली नव्हती. पण किनाऱ्यावरच्या पोरांनी पाहिलं, की बोटीच्या दिव्याची जागा बदलली आहे. तिघं जण फायबरची होडी घेऊन आले, बोट ओढून धरली आणि आमचा दुसरा नांगर खोल पाण्यात नेऊन टाकला.

तोच वारा तीन दिवस आधी फिरला असता तर? ते तेव्हाही आले असते, असं मला वाटतं. पण दिवा सरकला हे लक्षात यायला आधी कुणाचं तरी तिकडे लक्ष असावं लागतं.

परत आल्यावर पुलीमागे 3 मिलिमीटरची वायसर घातली. सरळ पट्टी लावून दोन्ही पुल्या एका रेषेत आणल्या. ब्रॅकेट आजतागायत तुटलेला नाही. आम्ही लगेच निघू शकलो असतो, पण तीन आठवडे राहिलो. माझ्याकडे शिडं शिवायचं मशीन आहे हे कळल्यावर बायका शाळेचे गणवेश, चर्चचे पडदे घेऊन आल्या. मी शिवत होते आणि त्या मला केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांची चटई विणायला शिकवत होत्या.

ती चटई मी बाईंसाठी आणली आहे. त्यातली तीन बाजूंची कड त्या बायकांनी विणली, चौथी मी. कुठली ते लगेच ओळखू येईल. बाई, एवढी मात्र उसवायला सांगू नका.