नावातच बाजू कळते
परवा टपरीवर चहा घेताना मी सहज 'उबाठा' म्हणालो. शेजारचा हसला, "म्हणजे तुम्ही शिंदेंकडचे!" मी तर कोणाकडचाच नव्हतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दिलेलं नाव होतं 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)'. 'उबाठा' म्हटलं की त्यातली 'शिवसेना'च गळते, आणि भांडण नेमकं त्याच शब्दाचं आहे. उलट 'मिंधे गट' म्हणणारा दुसऱ्या बाजूचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने 'शिवसेना' हे नाव शिंदेंना दिलं. तो निर्णय पटो वा न पटो, टीका कामावर करा; नाव पूर्ण घ्या.

दुसऱ्यांनी चिकटवलेलं नाव किती बोचतं, हे आपल्याला वेगळं सांगायला हवं का?