एक इंच खाली

अध्यक्ष महोदय आणि खुर्चीवर रुमाल टाकून वडा खायला गेलेली व आता परतलेली मंडळी,

काल इथे संतसाहित्यावर व्याख्यान झालं, उद्या मधुमेहावर आहे. मध्ये मी, टायर घेऊन. आत येताना दारातच एका काकांनी अडवलं, "डोंबिवलीत स्पोर्ट्स कार चालवतो कोण हो?" चालवतात, काका. रविवारी पहाटे कल्याण-शीळ रस्त्यावर उभे राहा, आवाजानेच कळेल. आणि ही हौस फक्त परदेशी गाड्यांची नाही. शेजारच्या गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची, फायबरग्लासच्या अंगाची, रेनोच्या 1.2 लिटर इंजिनाची गाडी बनत होती. विसरलो आपण.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे ते सांगत बसत नाही, ते तुम्ही जाणताच. फक्त उजळणी करतो. 225/40 आर 18 म्हणजे रुंदी 225 मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या 40 टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर, आणि रिम 18 इंची. झालं. पुढे.

आता माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे ते निवांत उठतील. टायर झिजले, नवे घ्यायचे, कंपनीच्या मापाचे मिळत नाहीत किंवा नको आहेत. अशा वेळी सगळी दुनिया रिम एक इंच मोठी करते. मी म्हणतो, एक इंच लहान करा. चाकाचा एकूण व्यास तोच ठेवा, लोखंड-अ‍ॅल्युमिनियम कमी करा, रबर आणि हवा वाढवा. मी कोणत्याही टायर कंपनीचा माणूस नाही. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, म्हणून सांगतो.

कल्याणच्या एका तरुणाने सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली. पुढे 225/40 आर 18, मागे 255/35 आर 18. काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथल्या कडेवर पुढचं चाक आपटलं आणि दोन दिवसांत टायरला फुगा आला. फुगा म्हणजे काय? खड्ड्याची धार आणि रिमची धार यांच्यामध्ये साइडवॉल चिमटते, आतले धागे तुटतात आणि आतली हवा त्या जागी रबराला बाहेर ढकलते. त्याला पंक्चर काढून उपयोग नाही, टायर टाकायचा. हा मुलगा माझ्याकडे आला तो 19 इंची रिमची चित्रं घेऊन! मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. पुढे 225/45 आर 17, मागे 255/40 आर 17. पुढचा व्यास जेमतेम तीन मिलिमीटरने कमी होतो, मागचा जवळपास तोच राहतो. साइडवॉल मात्र पुढे 90 ची 101 होते, मागे 89 ची 102. आणि ही मापं मी शोधून काढलेली नाहीत. त्याच गाडीच्या लहान इंजिनाच्या प्रकाराला कंपनीने ती दिलेली आहेत. शिवाय साध्या बांधणीच्या 225/40 आर 18 चा भारांक 88, म्हणजे एका टायरला 560 किलो, आणि 225/45 आर 17 चा 91, म्हणजे 615. हवा जास्त, ताकद जास्त.

"पण काका, स्टिअरिंग ढिलं होईल," तो म्हणाला. थोडं होतं, नाकारत नाही. बुटकी साइडवॉल कमी वाकते, म्हणून गाडी झटकन वळते. पण इथे झटकन वळायचं कुठे? गायमुखच्या घाटात, कंटेनरच्या मागे? (हशा)

आता फेरारीची गोष्ट. दोन मिनिटांत आटपतो. 2002 मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली, आणि सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी 360 मोडेना मिळाली. पुढचं तुम्हाला पाठच आहे. आयात शुल्क कोटीच्या वर. सरकारने ते माफ केलं, त्यावर देशभर ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी फियाटने पैसे भरले. तेव्हा आमच्या इमारतीत दोन तट पडले होते. एका शेजाऱ्याने दुसऱ्याला सत्यनारायणाचं बोलावणं केलं नाही, इतकं. मी दोघांनाही सांगत होतो, शुल्काचं सोडा, टायर बघा! कुणी ऐकलं नाही. आज मात्र माइक माझ्या हातात आहे. त्या फेरारीला पुढे 215/45 आर 18 आणि मागे 275/40 आर 18. गुणाकार करा. पुढची साइडवॉल 97 मिलिमीटर, मागची 110. आता स्टेशनरोडवर उभी असते ती स्विफ्ट घ्या. मूळ माप 185/65 आर 15, साइडवॉल 120. पोरगं त्यावर 205/45 आर 17 चढवतं. साइडवॉल राहिली 92. म्हणजे 400 अश्वशक्तीच्या फेरारीला मारानेल्लोच्या इंजिनिअरांनी जेवढं रबर ठेवलं, तेवढं आमच्या स्विफ्टला नको! आणि फॉर्म्युला वनचं काय? 2021 पर्यंत त्यांच्या रिम 13 इंची होत्या. 2011 मध्ये ग्रेटर नोएडाला आपण ज्या गाड्या बघितल्या, त्या 13 इंचावर धावल्या. 18 इंच आले 2022 ला. तेव्हा मोठी रिम म्हणजे रेसिंग, असं मला कुणी...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' मी अजून पावसावर आलेलोच नाही! सुरुवात उशिरा झाली ती सत्कारांमुळे, हे इतिवृत्तात नोंदवा.

तर पाऊस. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. टायर रुंद केला की त्याच वजनाखाली तो पाण्यावर लवकर तरंगतो. म्हणून रुंदी वाढवू नका. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद आहे. मी तीनलाच बदला म्हणतो.

समृद्धी महामार्ग आता आपल्या जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत आला आहे, 701 किलोमीटर, वेगमर्यादा 120. तिथे स्वस्त टायर घालून जाऊ नका. वेगाचं अक्षर बघा. एच म्हणजे 210, व्ही 240, डब्ल्यू 270. कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरायचं नाही. रिममध्ये उतरा, अक्षरात नको.

कायदा. एमएच-04 वाले असोत की एमएच-05, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दोघांनाही लागू आहे. कंपनीच्या तपशिलाबाहेर गाडी बदलली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने दिलेलं माप निवडा, दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा, विमावाल्याला लेखी कळवा. व्यासात तीन टक्क्यांपलीकडे फरक नको, नाहीतर स्पीडोमीटर आणि एबीएस दोघंही चुकीचं वाचतील. आणि हो, महत्त्वाचं राहत होतं. रिम लहान करायला मर्यादा आहे. ब्रेकचा कॅलिपर आत मावला पाहिजे. आधी एक रिम उसनी आणून बसवून पाहा, हाताने फिरवा, मग चार विकत घ्या. ऑफसेटवर, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते त्यावर, बोलायचं होतं, राहिलं. टायरवरचा आठवड्या-वर्षाचा चार आकडी क्रमांक बघा. दुकानदार 'ताजा माल' म्हणतो तेव्हा तर बघाच.

शेवटची चिठ्ठी वाचतो. 'रनफ्लॅट काढून साधे टायर घालावेत का?' घाला. रनफ्लॅटची साइडवॉल मुद्दाम कडक केलेली असते, आपल्या खड्ड्यांत ती कंबर मोडते. पण त्या झेड-फोरसारख्या गाड्यांत स्टेपनीच नसते, तेव्हा डिकीत पंप आणि पंक्चर किट हवंच. रनफ्लॅट हवा गेल्यावरही साधारण 80 च्या वेगाने 80 किलोमीटर जातो. ती सोय तुम्ही सोडताय, हे घरी सांगून ठेवा. शीळफाट्याला 80 चा वेग कधी मिळतो, ते मला विचारू नका. (हशा)

अध्यक्ष उभे राहिलेत. ऑफसेटवाल्यांनी जिन्यापाशी भेटा.