सोबत जाणारीच्या पाठीशी कोण?



कपाशीवर बोंडअळी आली की आपण माहितगाराला विचारतो. लेकीबाळींवर अत्याचार झाला की मात्र गप्प बसतो. १९८६ साली चांदवडला आपल्या बाया हजारोंनी जमल्या, त्या गप्प बसायला नव्हे.

मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित कार्यकर्त्या बसवल्या. बाईचं पुरतं ऐकून घ्यायचं, तिला न विचारता तडजोड करायची नाही, फिर्याद नोंदवून घ्यायला लावायची, हे शिकावं लागतं. नुसती कणव पुरत नाही. १ जुलै २०२४ पासूनचा कायदा सांगतो : हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद ठाण्याने नोंदवलीच पाहिजे, बलात्कार झालेल्या बाईवर खासगी दवाखान्यानेही मोफत उपचार केले पाहिजेत. पण हे तिथे ठणकावून सांगणारी सोबत हवी.

आणि रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणारीही आतून खचते. तिला एकटी पाठवू नका. जोडी द्या, एसटीचं भाडं द्या.

म्हणून आम्ही सुचवतो : प्रत्येक तालुक्यातून दोन बाया निवडू, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षणाला पाठवू. त्या दिवसांत त्यांच्या रानातली निंदणी गावाने करायची.